नव्या माणसाचे सहा दिवस

शिरड शहापूर
१२ जानेवारी २०२५

प्रेमा,

जय भीम. दिवाळीनंतर तुझं पत्र नाही. फोनवर तू तिकडे वाऱ्यात ओरडतोस, मी इकडे ओरडते, आणि शेवटी दोघांनाही काही कळत नाही, म्हणून पत्रंच लिहू, असं तूच ठरवलंस. मग लिही की बाबा. पोकलेन चालवणाऱ्या हाताला पेन जड झालं काय?

इकडे हळदीचा पाला पिवळा पडला. शिवरात्र झाली की काढणी, आणि मग आपली टोळी हळद शिजवायच्या कुकरवर. यंदा तेरा माणसं आहेत. चौदा वर्षं मुकादमकी करतेय, पण टोळी बांधताना यंदा पहिल्यांदाच माझा हात थबकला. काल चांगुणा आली होती. तातेरावाची बायको. दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, यंदा माजं नाव घ्या."

मागच्या एप्रिलात तातेराव गेला ते तुला कळवलं होतं. सव्वीस वर्षांचा धट्टाकट्टा पोरगा. आपली रीत तुला ठाऊक आहे. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला भट्टीच्या तोंडाशी उभं करायचं, लाकडं सारायला. दुपारपर्यंत टिकला की मी त्याच्या मनगटाला गरम हळदीचं बोट लावते, तेव्हा तो टोळीतला. तातेराव बारा वाजता पडला आणि औंढ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. गावाने ठरवून टाकलं, गडी नाजूक होता.

आता चांगुणाला त्याच जागी उभं राहायचंय. नाही म्हणावं तर का म्हणून, आणि हो म्हणावं तर माझी झोप उडते. तुझ्याकडे थंडीने माणसं पडतात का रे? पडली तर तुम्ही काय करता?

तुझी,
आक्का

*

लेहच्या पुढचा, रस्त्याच्या कामाचा कॅम्प
३० जानेवारी

आक्का,

जय भीम. अक्षराला हसू नकोस. इथे उणे बावीस आहे. पेन छातीशी धरून गरम करावं लागतं, तेव्हा दोन ओळी उमटतात. पत्र ट्रकने लेहला जातं आणि तिथून विमानाने, म्हणजे तुझ्या हळदीपेक्षा जास्त फिरतं.

पडतात ना, थंडीनेही पडतात आणि पातळ हवेनेही. पण इथे एक नियम आहे, तो कुणाला मोडता येत नाही. खालून आलेल्या नव्या माणसाने सहा दिवस फावड्याला हात लावायचा नाही. आधी नुसतं बसायचं, मग थोडं चालायचं, मग हलकं काम. आमचा सुपरवायझर दम देतो, "छे दिन बैठो, सातवें दिन बात करो." मोठमोठे पैलवान गडी बसून राहतात आणि रडकुंडीला येतात. आणि ऐक, सुट्टीवरून परत आलेला जुना माणूसही नवाच धरतात. दहा वर्षं काढलेला असला तरी.

तुझं पत्र मी कॅम्पाच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उन्हाचंही असंच असतं. शरीराला उन्हात काम करायला शिकावं लागतं, आठवडा-दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला घाम उशिरा सुटतो आणि त्यातून मीठ जास्त जातं. म्हणजे तो आतून तापत राहतो आणि बाहेरून कुणाला कळत नाही. धट्टाकट्टा असला तर जास्तच धोका, कारण तो थांबत नाही.

त्यांनी तुला एक प्रश्न विचारलाय. तातेराव कामाच्या कितव्या दिवशी पडला? आणि इतक्या वर्षांत तुझ्या टोळीत जे जे पडले, ते कितव्या दिवशी? नीट आठवून लिही.

तुझा,
प्रेमानंद

*

शिरड शहापूर
१४ फेब्रुवारी

प्रेमा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. ओट्यावर बसून आठवत राहिले.

चौदा हंगामांत नऊ माणसं पडली. त्यांतली सात पहिल्या तीन दिवसांत. उरलेल्या दोघांतली एक तापातून उठून पंधरा दिवसांनी परत आली होती, दुसरा लग्नकार्याहून परतला होता. तुझ्या नियमाने ती दोघंही नवीच. आणि तातेराव पहिल्याच दिवशी.

आजवर मी म्हणत आले, ज्याच्यात दम नाही तो पडतो. ऊन त्याला चाळून बाजूला काढतं. पण चाळत मी होते, प्रेमा. सगळ्यात जास्त आच जिथे, तिथे मी सगळ्यात कच्चा माणूस उभा करत होते, तेही त्याच्या सगळ्यात कच्च्या दिवशी. वर त्याला रीत म्हणत होते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या दिवशी अकरा वाजता तातेरावाने माझ्याकडे पाणी मागितलं होतं. मी म्हणाले, "आता थोडंच राह्यलं, येकदम पी." त्याने हसून मान हलवली आणि परत लाकूड सारायला लागला. हे मी चांगुणाला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

मी ठरवलंय. यंदा ही रीत बंद. सहा दिवस तुझे तसे माझे. चांगुणा पहिल्या दिवशी एक तास काम करेल, तेही भट्टीपासून लांब. विश्वंभररावांना पटणार नाही, शेत त्यांचं, कुकर त्यांचा. टोळीतल्या जुन्यांना तर मुळीच पटणार नाही. उकंडराव आत्ताच म्हणतोय, "आता आमी काय बालवाडी काढून राहिलो का?" म्हणू दे.

आता तुझं. थंडीने शाई गोठते हे मी मानते. पण अक्षर उजवीकडे कलायचं ते एकदम डावीकडे कसं झुकलं? ओळी तर अशा पडल्यात, जणू लिहिणाऱ्याला धड बसवत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तू दारू सोडलीस तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून सोडलीस. खरं सांग, पुन्हा सुरू केलीस का?

आक्का

*

कॅम्प
२८ फेब्रुवारी

आक्का,

दारू नाही. तू विचारलंस ते लागलं मनाला, पण विचारायचा हक्क तुझाच आहे. अक्षराचं मागाहून सांगेन.

तुझ्या टोळीसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं लिहितो. काम पहाटे पाचला सुरू करा आणि अकराला थांबवा, मग ऊन कललं की साडेचारनंतर. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, पाव तासाला एक पेला, मधून मीठ-साखरेचं. आणि सगळ्यांच्या जोड्या लावा. इथे आम्ही दोघं-दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतो, कारण आपलं नाक थंडीने पांढरं पडलेलं आपल्याला दिसत नाही. उन्हातही तेच. ज्याला चढतं त्याला कळत नाही. माणूस काहीबाही बडबडायला लागला, चिडायला लागला, पाय लटपटले, तर दवाखान्याची गाडी यायची वाट बघत बसायचं नाही. सावलीत न्यायचा, कपडे सैल करायचे, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. गाडी येईपर्यंत ओततच राहायचं.

इथे एक ओळ लिहून खोडली आहे. ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

प्रेमानंद

*

शिरड शहापूर
२४ मार्च

प्रेमा,

ओळ उजेडात धरली होती. तू चांगली गिरगटून खोडलीस. मी थांबते, पण फार दिवस नाही.

सतरा तारखेला कुकर पेटला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी विश्वंभररावांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, हळद उकरून ढीग लागलाय, तुमी अकरालाच हात झटकून बसल्या तर ती कोन शिजवनार? दुसऱ्या टोळ्या दिवसभर शिजल्या हळदीचे ड्रम काढून राहिल्या." मी म्हणाले, ढिगावर पाला झाका, दोन-चार दिवस ओली हळद काही होत नाही. पहाटे पाच ते अकरा मन लावून जेवढे ड्रम निघतात, ते दिवसभर हातपाय ओढत काढलेल्या ड्रमांहून कमी नसतात. नाहीतर दुसरी टोळी बघा. मागच्या वर्षी तुमच्या खळ्यातून मी एक माणूस उचलून नेलाय, यंदा नेणार नाही. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "चार दिवस बघू."

खरी परीक्षा सकाळी झाली. भट्टीच्या तोंडाशी मी उकंडरावला उभं केलं, त्याचं अंग गेला पंधरवडा दुसऱ्या शेतावर शेकून निघालेलं. चांगुणाला म्हणाले, तू तिकडे लिंबाखाली हळदीची मुळं तोड, तासाभराने घरी जा. ती हललीच नाही. टोळीसमोर तिने पदर खोचला.

"माज्या मालकाला उभं केलं, मला काहून न्हाई? बाई हाय म्हनून?"

"नवी हायेस म्हनून."

"ते बी नवेच व्हते! आक्का, वरीस झालं, गाव त्यायला नाजूक म्हनून राहिलं. लेकराला शाळेत म्हनतात, तुजा बाप उन्हानं मेला. मला तितंच उभं राहायचंय. दुपारपोत्तर. मंग बघते कोन नाजूक म्हनतं."

मग मला कळलं, ती कामाला आलीच नव्हती. ती त्याचं नाव धुऊन काढायला आली होती. पण जे बोलायचं ते आता नाही बोलले तर ती उभी राहणार, आणि मी पुन्हा एकदा बघत राहणार.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. "तातेराव नाजूक नव्हता. तुमच्यातल्या कुनालाबी पयल्या दिवशी तितं उभं केलं असतं तर तोबी पडला असता. जो दमदार हाय तो जास्त येळ उभा राहातो म्हनून जास्त तापतो. चूक त्याची नव्हती, माजी व्हती. अकराला त्यानं पानी मागितलं व्हतं. म्या त्याला थांब म्हनले."

चांगुणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारते आता, आणि मारलं असतं तरी मी हात धरला नसता. ती म्हणाली, "पानी मागितलं व्हतं?" मी मान हलवली. ती लिंबाखाली जाऊन बसली आणि मुळं तोडायला लागली. रडत होती, पण हात चालू होते. तासाभराने उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पाचला सगळ्यांच्या आधी हजर.

उकंडराव मात्र रुसला. "लेकरायचा खेळ लावला ह्यो," म्हणून तिसऱ्या दिवशी मुलाकडे पुण्याला निघून गेला. जाऊ दे. काल चांगुणाचा सातवा दिवस झाला. भट्टीच्या तोंडाशी पाऊण तास उभी राहिली, पाणी पिऊन बाजूला झाली. तिच्या मनगटाला मी हळद लावली. तिने दुसरा हात पुढे केला आणि म्हणाली, "त्यायचीबी लावा." मी लावली.

माझं लपवलेलं मी तेरा माणसांसमोर काढलं. आता तुझं तू काढ.

आक्का

*

लेह
५ एप्रिल

आक्का,

तुझं पत्र वाचलं. आता सांगतो.

हे पत्रही डाव्या हाताने लिहितोय. जानेवारीच्या पत्रापासून डाव्याच हाताने लिहितोय. चार जानेवारीला बर्फ काढताना पोकलेनचा पाइप फुटला. रस्ता बंद, मागे गाड्यांची रांग. हातमोजा घालून नट पकडता येईना. माझा जोडीदार सांगत होता, "मोजा मत उतार." मी म्हणालो, दहा वर्षं झाली मला इथे. मोजा काढला, हातावर डिझेल सांडलं, आणि मी काम पुरं करूनच उठलो. वीस मिनिटं लागली असतील. पहिल्या पाच मिनिटांनंतर दुखायचंच थांबलं, आणि मला वाटलं बरं झालं. तेच वाईट होतं. मार्चच्या सुरुवातीला लेहच्या दवाखान्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. ती खोडलेली ओळ हीच होती, की जोडीदाराचं मी ऐकलं नाही.

नव्या पोरांना नियम शिकवणारा मीच. आणि मलाच वाटलं, नियम माझ्यासाठी नाही. तुला हे लिहायची लाज वाटली. तुझ्या तातेरावाने काही ठाऊक नसताना जीव गमावला, मी सगळं ठाऊक असून बोटं गमावली. आताशा हात खिशातच असतो. चहा घेतानासुद्धा.

कंत्राटदार म्हणतो गेटवर बस. मला नाही बसायचं. तीस एप्रिलला इथून निघतो. दिल्लीहून सचखंड एक्स्प्रेसने नांदेड, आणि पुढे वसमतच्या गाडीने शिरड. हंगामाचे शेवटचे दिवस मिळतील. मला टोळीत घे. आल्या दिवशीच मी भट्टीच्या तोंडाशी उभा राहीन, दुपारपर्यंत. बघू दे गावाला, दोन बोटं गेली म्हणून प्रेमानंद संपलेला नाही.

प्रेमानंद

*

शिरड शहापूर
१७ एप्रिल

प्रेमा,

स्पीड पोस्टाने पाठवतेय, तू निघायच्या आत मिळायला हवं.

आधी रडले. बोटांसाठी रडले, आणि तू तीन महिने एकट्याने सोसलंस म्हणून जास्त रडले. मग माझाच राग आला, की भावाचा हात दुखत होता आणि मी त्यात दारू शोधत होते. माफ कर. एवढं लिहून तो विषय संपवते, कारण मला तुझ्यावर ओरडायचंय.

परवा उकंडराव पुण्याहून परतला. चार आठवडे मुलाच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून आलेला. मी म्हणाले, तूही आता नवा, सहा दिवस लिंबाखाली. तो हसला. मी ढिगाकडे गेले तेवढ्यात भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. हल्ली दुपारी पारा बेचाळीसवर जातो. दहाच्या सुमाराला ओरडायला लागला, "बैलं सोडा रे, बैलं सोडा." त्याच्याकडे बैल नाहीत, तीन वर्षांपूर्वीच गेले. टोळी हसायला लागली. त्यांना वाटलं गंमत करतोय.

चांगुणा हसली नाही. तिने हातातलं घमेलं टाकलं, पळत जाऊन त्याला बखोटीला धरून सावलीत ओढलं आणि आमचं पिण्याच्या पाण्याचं अख्खं पिंप त्याच्यावर रिकामं केलं. "पानी आना! अजून आना!" विश्वंभररावांनी पाण्याची मोटार सुरू केली, पाइप आणला. बायकांनी ओल्या लुगड्यांनी वारा घातला. गाडी यायला पाऊण तास लागला, पण पाणी थांबलं नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हे केलं नसतं तर आणायचा उपयोग नव्हता. उकंडराव आज उठून बसलाय. चांगुणाला म्हणाला, "पोरी, तू मला वाचवलं." ती म्हणाली, "मागितल्याबगर पानी देलं, बस."

आता ऐक. विश्वंभररावांनी आपणहून खळ्यावर पत्र्याची सावली घातलीय. बाळापूरच्या एका टोळीची मुकादमीण परवा येऊन आमच्या वेळा विचारून गेली. तुझ्या कॅम्पाचा नियम इथल्या मातीत लागतोय, आणि तो तूच येऊन पहिल्या दिवशी उपटणार? दहा वर्षं बर्फात काढलेल्या अंगाला इथल्या त्रेचाळीसात दुपारपर्यंत उभं करायचं? मी चांगुणाला नाही उभं केलं, तुला करेन असं वाटलंच कसं?

टोळीत तुझं नाव लिहिलंय. गाडीतून उतरलास की आधी घरी झोप. पहिल्या दिवशी एक तास, लिंबाखाली, पाणी वाटायचं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. गाव काय म्हणेल ते मी बघून घेईन, चौदा वर्षं बघतेय. शिवाय टोळीला असा एक माणूस हवाच आहे, जो भट्टीकडे न बघता माणसांच्या तोंडाकडे बघेल. तुझ्याएवढं ते कुणाला कळणार?

सातव्या दिवशी हळद लागेल. रीतीप्रमाणे उजव्या मनगटाला, सगळ्या टोळीसमोर. तेव्हा हात खिशातून बाहेर काढावा लागेल.

वाट बघते.

तुझी,
आक्का